थोरल्या एमचे बंड आणि मंगळवारची फत्ते

काळ हा सार्वभौम होय. त्यास तख्त नाही, तटबंदी नाही, चोपदार नाहीत, तरी त्याचा अंमल चांद्यापासून सिरोंच्यापर्यंत आणि वैनगंगेपासून पार डोंगरापर्यंत अखंड चालतो. परंतु हा सार्वभौम मुका. वार, तारीख, महिना ही वस्त्रे मनुष्यानेच त्याचे अंगावर चढवावी, तेव्हा तो चारचौघांत ओळखू येतो. हे काम वरकड दिसते, पण त्यात भलेभले घसरले. ब्रह्मपुरी मुक्कामीच्या दिव्यानीबाई रामटेके यांनी ते सी नामक भाषेत करणेचे अंगावर घेतले, आणि प्रथम विजयी जाहल्या, मग त्याच विजयाने तोंडघशी पडल्या, मग डोंगर चढल्या, त्याचा करीना, म्हणजे साद्यंत हकीकत, येथे लिहिला असे. लिहिणाराने पदरचे काही घातले नाही. मीठ कमी वाटले तेथे मात्र चिमूटभर घातले, ते खाणाराने माफ करावे.

दिव्यानीबाईंचे वय एकवीस, शिक्षण संगणकाचे शेवटले वर्ष, तीर्थरूप बसस्थानकासमोर सायकली दुरुस्त करीत, मातोश्री अंगणवाडीत. त्यांची सख्खी मावशी वच्छलाबाई, वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात कोसमटोला नामे गावी आरोग्य उपकेंद्राच्या नर्स. चौदा वर्षे त्या एका जागी पाय रोवोन होत्या. दर मंगळवारी कोसमटोल्याचा बाजार भरे, आणि बाजाराचे निमित्ताने रानातल्या टोल्यांवरून, म्हणजे लहान वस्त्यांवरून, लेकुरवाळ्या उतरत, म्हणोन लसीचा दिवसही मंगळवारच मुक्रर होता. एक लस टोचली की अठ्ठावीस दिवसांनी दुसरी. ती पुढली तारीख वच्छलाबाई स्वहस्ते कार्डावर लिहीत. आणि बोटे आखडत, आणि शाई घामाने पसरे, आणि साताचा एक होई, आणि मग सातास येणारे लेकरू एकासच येवोन दारी रडत बसे.

सबब बुद्धपौर्णिमेचे दिवशी सारे घर खिरीच्या वाट्या घेवोन बसले असता वच्छलाबाईंनी भाचीस फर्मान केले ते असे :

"तुमी कंप्युटरवाले कायच्या कामाचे वो? मले एक तारीख छापाचं मशीन करून दे. बटन दाबलं का चिठ्ठी भाईर. आनखी काई नाई पायजे."

दिव्यानीबाईंनी खिरीची वाटी खाली ठेविली आणि फर्मान शिरसावंद्य केले.

मग तजवीज सुरू जाहली. चांद्याचे बाजारातून चिठ्ठ्या छापणारे छोटे यंत्र आणिले, जैसे बसचे वाहकाजवळ असते तैसे. त्यास पत्त्यांच्या डावाएवढा संगणक जोडिला, वर एक लाल बटन बसविले, आणि हे सारे मिठाईच्या रिकाम्या डब्यात कोंबोन झाकण लाविले. आता त्यास आज्ञा कोणत्या भाषेत द्यावी? संघपाल मास्तर, जे महाविद्यालयात प्रोग्रामिंग शिकवीत आणि वर्गात येताना डस्टर विसरत, त्यांनी सी भाषा नेमून दिली. ही भाषा जुनी, मितभाषी, आणि कोणाची भीड न धरणारी. जे सांगाल तेच करते. जे मनात होते पण सांगितले नाही, ते कदापि करीत नाही.

या भाषेच्या दरबारी काळ प्रथम नुसता सेकंदांचा ढीग असतो. इसवी सन एकोणीसशे सत्तरचे पहिले जानेवारीपासून जितके सेकंद गेले तितकी मोठी एक संख्या, बस. मग त्या ढिगाची वाटणी नऊ खणांच्या एका पेटीत होते. एका खणात मिनिटे, एकात तास, एकात तारीख, एकात महिना, ऐसे. परंतु पेटी करणारा मोठा लहरी. वर्षाचा खण एकोणीसशेपासून मोजतो, आणि महिन्याचा खण शून्यापासून, म्हणजे जानेवारी महिना शून्यावा. हे ठाऊक नसल्याकारणे पहिल्या चिठ्ठीवर सन एकशे पंचवीस उमटला. घरात हशा जाहला. तीर्थरूप म्हणाले, बरे जाहले, त्या सनात सायकल नव्हती, पंक्चरही नव्हते. दिव्यानीबाईंनी वर्षात एकोणीसशे मिळविले, महिन्यात एक मिळविला, आणि ती चकमक जिंकिली.

दुसरी चकमक तारखेशी. सप्टेंबरची पंधरा तारीख घेवोन त्यात अठ्ठावीस मिळविले, तो यंत्राने बेधडक त्रेचाळीस सप्टेंबर छापिली. मग त्रेचाळीस सप्टेंबर हाती घेवोन दिव्यानीबाई संघपाल मास्तरांपुढे उभ्या राहिल्या, आणि मास्तरांनी एमकेटाइम नामे एक कारभारी नेमून दिला. त्याचा गुण असा की त्रेचाळीस सप्टेंबर त्याचे स्वाधीन केला असता तो तीस दिवस कापून टाकितो, आणि तेरा ऑक्टोबर हाती देतो, आणि वारही नीट लावून देतो. याप्रमाणे दोन्ही चकमकी फत्ते जाहल्या.

आता मुख्य प्रसंग.

सन दोन हजार पंचवीस, सप्टेंबरची पंधरावी, सोमवार, अभियंता दिन. महाविद्यालयात प्रकल्पांचे प्रदर्शन मांडिले. बाहेरगावचे परीक्षक दहास यावयाचे ते साडेदहास आले, आणि चहा घेतला, आणि भाषण जाहले. इतकियात संघपाल मास्तर दिव्यानीबाईंच्या मेजापाशी आले, प्रोग्राम वाचिला, आणि त्यांस तारीख जुळविण्याची रीत पसंत पडली नाही. प्रत्येक खणातून एकेक आकडा उपसून हातानेच तारखेची गोधडी शिवली होती.

"हे जोडजंतर काऊन करून राह्यली?" मास्तरांचा हुकूम जाहला. "स्ट्रफटाइम वापर. एका ओळीत काम होते."

स्ट्रफटाइम हा काळास वस्त्रे चढविणारा खासा दर्जी. त्यास टक्क्याची खूण करोन एकेक रोमन अक्षर सांगावे, की तो त्याप्रमाणे तारखेचा पोशाख शिवतो. त्याचे पदरी एम अक्षराचे दोघे भाऊ चाकरीस. मोठ्या लिपीतला तो थोरला एम, छोट्या लिपीतला तो धाकटा एम. दरबाराचा न्याय ऐसा उलटा की धाकट्या एमास बारा महिन्यांची जहागीर दिली, आणि थोरल्या एमाचे पदरात तासाची साठ मिनिटे तेवढी टाकिली. थोरला कैक वर्षे मनात जळत असावा. त्या दिवशी त्यास संधी सापडली. परीक्षक दोन मेजे अलीकडे येवोन ठेपले होते, दिव्यानीबाईंचे बोट घाईत होते, आणि धाकट्याचे जागी थोरला लिहिला गेला. म्हणजे महिन्याचे गादीवर मिनिट येवोन बसले, आणि कोणास पत्ता नाही.

परीक्षक आले. दिव्यानीबाईंनी लाल बटन दाबिले. भिंतीवरचे घड्याळात त्या क्षणी अकरा वाजोन दहा मिनिटे जाहली होती. यंत्र घरघरले आणि चिठ्ठी बाहेर आली, तीवर तेरा तारीख, दहावा महिना, सन दोन हजार पंचवीस. अगदी बरोबर! मिनिट दहावे आणि महिनाही दहावा, तेव्हा चोर आणि सावकार एकाच चेहऱ्याचे निघाले. परीक्षकांनी मान डोलाविली, दुसरे बक्षीस जाहीर जाहले, संघपाल मास्तरांनी डस्टरानेच टाळी वाजविली. संध्याकाळचे शेवटले बसने डबा कोसमटोल्यास रवाना जाहला. एकदाच बटन दाबोन पाहिले आणि खरे मानिले, ही या मोहिमेतील सर्वांत मोठी चूक, आणि ती विजयाचे दिवशी घडली.

दुसरे दिवशी, सोळा सप्टेंबर, मंगळवार. उपकेंद्री लेकुरवाळ्यांची रांग लागली. रांगेत अव्वल सुकरीबाई. या गोंड समाजातील आजी, वय साठीचे, टेकडीपलीकडल्या टोल्यावर राहत. नऊ किलोमीटर चालोन, दोन नाले ओलांडोन, झोळीत अडीच महिन्यांची नात करिश्मा घेवोन त्या सर्वांआधी पोहोचल्या होत्या. सून भाताचे निंदणीत गुंतली होती. लस टोचली, करिश्माने उपकेंद्र डोक्यावर घेतले, आणि वच्छलाबाईंनी मोठ्या अभिमानाने लाल बटन दाबोन पहिली चिठ्ठी सुकरीबाईंचे हाती दिली. सुकरीबाईंनी ती कपाळास लाविली, पदराचे गाठीत बांधिली, आणि नाल्यास पाणी चढायचे आत घर गाठावे म्हणोन लागलीच निघाल्या.

दुसरे लेकरू टोचले आणि दुसरी चिठ्ठी आली. वच्छलाबाईंनी चष्मा वर करोन ती वाचिली, आणि खाली करोन पुन्हा वाचिली, आणि मग फोन उचलिला.

"दिव्यानी, चौदा तारीख समजली मले. पन हा चौदावा महिना कुठी येते वो?"

दिव्यानीबाई वर्गात होत्या. तशाच उठोन व्हरांड्यात आल्या, लॅपटॉप कठड्यावर ठेविला, प्रोग्राम उघडिला, आणि एका नजरेत थोरला एम गादीवर बसलेला पाहिला. कालची अकरा वाजोन दहा मिनिटे आठवली. बक्षीस यंत्रास मिळाले नव्हते, एका मिनिटास मिळाले होते.

"मावशी, मशीन बंद कर. हातानं लिही. पहिली चिठ्ठी कोनाले देल्ली?"

"सुकरीबाईले. पन ते बराबर होती. चौदा-बिदा महिना नोयता तिच्यात, असा असता तं मले दिसला असता."

"किती वाजता देल्ली?"

"धा वाजून... धा मिनिटं झाली असन. नाईतं अकरा."

आता वाचणाराने विचार करावा. दहाव्या मिनिटास चिठ्ठी निघाली असेल तर तीवर ऑक्टोबर, आणि सारे क्षेम. अकराव्या मिनिटास निघाली असेल तर नोव्हेंबर, आणि लस एक महिना उशिरा. चौदावा महिना कोणासही खोटा दिसेल, पण अकरावा महिना सभ्य माणसासारखा चेहरा करोन पदराचे गाठीत बसतो. आणि वच्छलाबाईंनी पुढे जे सांगितले त्याने प्रकरण अधिक कठीण जाहले. सुकरीबाईंचा मुलगा आणि सून दिवाळी सरताच कापूस वेचावयास तेलंगणात जात, आणि तान्ह्या लेकरास बरोबर नेत, ते होळीचे सुमारास परतत. म्हणजे नोव्हेंबरचे चौदा तारखेस करिश्मा परमुलखी कपाशीचे शेतात असणार. लस एक महिना नव्हे, पाच महिने हुकणार. आणि गेले साली त्याच टोल्यावर डांग्या खोकल्याने ठाण मांडिले होते. एका लेकरास बाजेवर घालोन चौघांनी नाल्यातून आणिले, तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. ते वाचले. वच्छलाबाई ते ओठ विसरल्या नव्हत्या.

टोल्यावर फोन लागत नसे. तेथील आरोग्याचे काम पाहणारी आशाताई बाळंतपणास माहेरी गेली होती. वच्छलाबाईंनी मसलत दिली की पुढले बाजारी कोणी आले तर त्याचेबरोबर निरोप धाडू. दिव्यानीबाईंनी ती मसलत मानिली नाही. निरोप बाजारातून डोंगरापर्यंत जाता जाता तीन तोंडांतून जाणार, आणि तीन तोंडांत काय होईल कोणी सांगावे?

"चूक माही आहे. मीच जातो," इतके बोलोन त्यांनी फोन ठेविला.

परंतु रिकाम्या हाती जावयाचे नव्हते. वच्छलाबाईंनी फोन ठेवण्यापूर्वी दुसरे फर्मान केले होते, ते ऐसे की आकडे छापू नको, शब्द छाप. आकडा एक खाली एक वर झाला तरी कोणास कळत नाही, पण वार म्हटला की बाई बाजार मोजून बरोबर येते. सबब चिठ्ठीवर मराठीत वार पाहिजे, महिन्याचे नाव पाहिजे.

तेव्हा त्याच दुपारी दिव्यानीबाई संघपाल मास्तरांकडे गेल्या. सारा वृत्तांत सांगितला. मास्तरांनी तो थोरला एम स्वतः वाचोन पाहिला. मग म्हणाले,

"ऐन वेळेवर बदल कराले म्याच लावला. ते माही चूक. पन एकदाच दाबून पायलं, ते तुही. आता दोघंबी सुधारू."

गुरुशिष्य संगणकापुढे बसले. प्रथम थोरल्या एमास गादीवरोन उतरविले आणि त्याचे मिनिटांचे जहागिरीवर परत पाठविले, धाकट्यास महिन्यांची सनद पुन्हा दिली. मग मराठीचा प्रश्न. दर्जी स्ट्रफटाइम इंग्रजीचाच सराव असलेला. त्यास मराठी नावे मागावी तर यंत्रात मराठीचा दप्तरखाना मुळी बसविलेलाच नव्हता, आणि तो निर्विकारपणे ट्युसडे, ऑक्टोबर ऐसे शिवून देई. तेव्हा दिव्यानीबाईंनी स्वहस्ते सात वारांची आणि बारा महिन्यांची फेरिस्त लिहिली, रविवारास शून्यावर बसविले, शनिवारास सहावर. आता वस्त्र आपले, दर्जी आपलाच.

सायंकाळ जाहली, मास्तर घरी गेले, आणि वच्छलाबाईंनी धाडलेला डबा शेवटले बसने परत आला. दुसरे दिवशी बुधवारी दिव्यानीबाईंनी बटन दाबिले आणि चिठ्ठी आली : बुधवार, १५ ऑक्टोबर. सुंदर. शेजारचे मेजावरील मैत्रीण साक्षी म्हणाली, झालं की, चल चहा घेऊ. दोन दिवसांपूर्वीच्या दिव्यानीबाई असत्या तर चहास गेल्या असत्या.

त्या गेल्या नाहीत. त्यांनी यंत्राचे घड्याळ हाताने फिरवोन साती वारांची हजेरी घेतली. रविवार आला, तो सुरक्षित. सोमवार आला, तो सुरक्षित. मग मंगळवार आला, आणि त्याचे शेवटले अक्षर गायब! कागदावर मंगळवा, आणि पुढे एक रिकामी चौकट, जैसा घोडदळातून शेवटला स्वार पडावा आणि घोडा तेवढा पुढे यावा. गुरुवार तसाच तुटला. शुक्रवार तर दोन अक्षरे गमावोन आला. आणि लसीचा दिवस कोणता? मंगळवारच. बुधवारचे भरवशावर डबा पाठविला असता, तर कोसमटोल्याची प्रत्येक चिठ्ठी लंगडी निघाली असती.

दिव्यानीबाईंनी डोके धरिले. मग साक्षीने दोन चहा मेजावरच आणिले, आणि दोघी कागदावर अक्षरे मोजू लागल्या. वाराचे नावासाठी प्रोग्रामात स्मृतीची वीस घरे राखली होती. इंग्रजी अक्षर एका घरात राहते, म्हणोन वीस घरे वाड्यासारखी वाटली. परंतु मराठीची ऐट निराळी. येथे प्रत्येक खुणेस तीन घरे लागतात, आणि काना वेगळा, उकार वेगळा, अनुस्वाराचे टिंबासही स्वतंत्र तीन घरे. बुधवाराच्या खुणा सहा, म्हणजे अठरा घरे, तो मावला. मंगळवारात म, टिंब, ग, ळ, व, काना, र ऐशा सात खुणा, म्हणजे एकवीस घरे, आणि सरतेशेवटी शब्द संपला ऐसे सांगणारा शून्याचा पहारेकरी एक, एकूण बावीस. वीस घरांचे वाड्यात तो कसा मावावा? शुक्रवार तर आठ खुणांचा, जोडाक्षराची बेडीही स्वतंत्र जागा मागते.

"एवढ्याशा टिंबाले तीन?" साक्षी म्हणाली.

"तीन," दिव्यानीबाई म्हणाल्या, आणि कालपासून प्रथमच हसल्या.

वीस घरांचा वाडा पाडोन चौसष्ट घरांचा बांधिला. मग सात वार तपासिले, मग बारा महिने तपासिले, मग एकतीस डिसेंबर तपासला की सन बरोबर उलटतो किंवा नाही, मग फेब्रुवारी. संघपाल मास्तर मधल्या सुटीत आले आणि त्यांनीही आपल्या हाताने अकरा वेळा बटन दाबिले. कागदाचे एक रीळ संपले. एकही स्वार पडला नाही.

गुरुवार, अठरा सप्टेंबर. कूच जाहले. ब्रह्मपुरीहून डोमाभाऊंची काळीपिवळी जीप निघाली, आत चौदा माणसे, टपावर युरियाची पोती. दिव्यानीबाई डोमाभाऊंच्या गिअरपाशी अंग चोरोन बसल्या, मांडीवर प्लॅस्टिकात गुंडाळलेली नवी चिठ्ठी. डोमाभाऊंनी हवाल पुशिला, आणि दिव्यानीबाईंनी मिनिटाचा महिना कसा जाहला ते सांगितले. डोमाभाऊंनी वैनगंगेचा पूल संपेतो विचार केला.

"म्हंजे एका मिनिटासाठी तू नऊ किलोमीटर चालतं?"

"हो भाऊ."

"बरं हाये," डोमाभाऊ म्हणाले, आणि त्यांचे भाडे घेतले नाही.

कोसमटोल्यास वच्छलाबाई पायांत रबरी बूट चढवोन तयारच होत्या. पहिला नाला गुडघ्यापर्यंत, दुसरा मांडीपर्यंत. दिव्यानीबाईंनी चिठ्ठी दातांत धरिली आणि मावशीचा हात धरोन पार जाहल्या. मग चढ लागला, सागाचे रान, मोहाचे रान, आणि जळवा. तीन जळवा दिव्यानीबाईंनी आणि दोन मावशींनी अंगावरोन काढिल्या. दुपारी टोला दिसला.

सुकरीबाई अंगणात बांबू चिरीत बसल्या होत्या, करिश्मा झोळीत. नर्सबाई स्वतः डोंगर चढोन आलेल्या पाहोन त्यांचे हातचा कोयता थांबला.

"काय झालं बाई? लेकराले काई झालं का?"

"काई नाई झालं सुकरीबाई," वच्छलाबाई धापा टाकीत बोलल्या. "ते चिठ्ठी दाखवा."

सुकरीबाईंनी आतून लसीचे कार्ड आणिले, त्यात घडी केलेली चिठ्ठी. दिव्यानीबाईंनी घडी उलगडिली. चौदा तारीख, अकरावा महिना. मिनिट अकरावे होते.

शेजारचे लालसूभाऊ, जे सातवी शिकलेले आणि टोल्यावर एकट्यांच्याच घरी कॅलेंडर, तेही तोवर येवोन उभे राहिले. चिठ्ठी त्यांनीच वाचोन दिली होती.

"म्या सांगतलं हिले, का चौदा नोव्हेंबरले शुक्रवार येते, आन नर्सबाई तं मंगळवारी बसते."

"मंग आजी, तुमाले वाटलं नाई का हे चुकलं म्हनून?" दिव्यानीबाईंनी पुशिले.

सुकरीबाईंनी कमरेची दोरी पुढे केली. तीवर एकही गाठ नव्हती.

"बाईनं तोंडानं चार बाजार सांगतले होते. म्या चार गाठी मारल्या. मंग लालसूनं कागद वाचला. तं म्या गाठी सोडल्या." त्यांनी दोरी पुन्हा कमरेस खोवली. "मले वाटलं, मशीन शिकेल हाये, मी नाई."

दिव्यानीबाई खाली बसल्या, सुकरीबाईंचे समोर, मातीत. लिहिणारास येथे अलंकार सुचत नाही. त्या इतकेच म्हणाल्या,

"आजी, मशीन नाई शिकेल. ते म्या बनवलं, आन ते चुकलं. तुमी बराबर होत्या."

सुकरीबाईंनी त्यांचेकडे नीट पाहिले. ओले कपडे पाहिले, पायावरचे जळवांचे रक्त पाहिले.

"तू बनवलं? येवढीशी पोरगी?"

"हो."

"आन चुकलं म्हनून इथपर्यंत चालत आली?"

"हो."

सुकरीबाई खदखदा हसल्या. मग घरात जावोन चुलीची राख आणिली आणि दिव्यानीबाईंचे पायावर लाविली, आणि मग दोघींस तांदळाची आंबील प्यावयास दिली. दिव्यानीबाईंनी नवी चिठ्ठी उघडोन मोठ्याने वाचिली : मंगळवार, १४ ऑक्टोबर, सकाळी १० वाजता. लालसूभाऊंनी ताडून पाहिली आणि कॅलेंडराशी जुळली ऐसा निर्वाळा दिला. सुकरीबाईंनी तरीही दोरी घेतली, आणि दर मंगळवारास एक ऐशा चार गाठी पुन्हा मारिल्या. वच्छलाबाई म्हणाल्या, चिठ्ठी हाये ना आता. सुकरीबाई म्हणाल्या, राहू द्या, दोघीही राहू द्या. दिव्यानीबाईंनी हे उत्तर मनावर लिहोन ठेविले, आणि परतल्यावर डब्याचे झाकणावर ठळक अक्षरांत चिकटविले की चिठ्ठी देण्यापूर्वी वार तोंडाने सांगावा आणि मग छापील वाराशी ताडावा.

तदनंतर डबा पुन्हा कोसमटोल्यास रुजू जाहला आणि तीन बाजार त्याने चाकरी केली. कोठे एक अक्षर पडले नाही, कोठे महिना भलतीकडे गेला नाही. एके मंगळवारी रीळ अडकले, तेव्हा वच्छलाबाईंनी डब्यास चापट मारिली, आणि ते सुटले. तो भाग सी भाषेचे अखत्यारीत येत नाही.

मग चौदा ऑक्टोबर उजाडला. दिव्यानीबाई सकाळचे जीपने स्वतः हजर जाहल्या. पावणेदहास रांगेत सुकरीबाई नव्हत्या. दहास नव्हत्या. दिव्यानीबाई तीन वेळा फाटकापर्यंत जावोन आल्या, आणि वच्छलाबाईंनी त्यांस दटावले की जागेवर बस, लेकरं घाबरतात. दहा वाजोन सात मिनिटांनी बाजाराचे गर्दीतून सुकरीबाई आल्या, मागे सून सीताबाई, जिने ही लस स्वतः डोळ्यांनी पाहावयाची म्हणोन निंदणीची सबब या खेपेस सांगितली नाही, आणि झोळीत करिश्मा, एका महिन्यात चांगली गुबगुबीत जाहलेली.

"नाल्याले पानी होतं," सुकरीबाई म्हणाल्या. "मंगळवार तं चुकला नाई ना?"

"नाई आजी," दिव्यानीबाई म्हणाल्या. "मंगळवारच हाये."

लस टोचतेवेळी लेकरू कोणी धरावे, यावर सुकरीबाईंचा हुकूम जाहला की मशीनवाल्या पोरीने धरावे. दिव्यानीबाईंनी करिश्मास उचलोन छातीशी घेतले. सुई लागली, करिश्माने टाहो फोडिला ऐसा की बाजारातील मिरचीवालेही वळोन पाहू लागले, आणि त्याच दमात दिव्यानीबाईंचे नव्या ओढणीवर यथेच्छ ऊन अभिषेक केला. सीताबाई लाजोन पुढे धावल्या, पण दिव्यानीबाईंनी लेकरू सोडिले नाही. तशाच भिजलेल्या उभ्या राहिल्या, आणि डोळे पुसले ते ओढणीचे कोरड्या टोकाने.

याप्रमाणे त्या दिवशी अठ्ठावीस दिवसांचे वायद्याची तेवीस लेकरे यावयाची होती, ती तेवीसच्या तेवीस आली. पहिल्या चिठ्ठीच्या लेकराची नोंद दप्तरी ऐशी जाहली : करिश्मा, दुसरी लस, मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५, सकाळी १० वाजून ९ मिनिटे. मिनिट मिनिटाचे जागी राहिले, महिना महिन्याचे जागी राहिला. मोहीम फत्ते जाहली. खाली वच्छलाबाईंची सही, आणि सुकरीबाईंचा अंगठा, जो कायद्याने लागत नव्हता, पण त्यांनी हट्टाने उमटविला.